एक वाढलं की दुसऱ्याचं काय होतं?



आजच्या गप्पांचा विषय गणिताचा आहे. घाबरू नका, पाटी-पेन्सिल काढायची नाही. दोन गोष्टींचं एकमेकींशी नातं कसं ओळखायचं, एवढंच बघायचं आहे. तसं हे नातं तुम्ही रोज ओळखता. घरी पाहुणे आले की तांदळाची पिशवी लवकर संपते, चुलीत लाकूड सरकवलं की आच वाढते, हे काही कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. पण हेच नातं ओळखताना माणसाची गफलतही होते. तिची किंमत कधी पैशात मोजावी लागते, तर कधी एखाद्या बाईच्या आयुष्यात. म्हणून आज हा विषय घेतला.

बोईसरहून विरारकडे जाणारी लोकल डोळ्यांसमोर आणा. उमरोळी गेलं, पालघर गेलं, केळवे रोड, सफाळे, वैतरणा. गाडी जसजशी पुढे जाते, तसतसं बोईसर लांब जातं आणि जितकं लांब उतरायचं, तितके तिकिटाचे पैसे जास्त. अंतर वाढलं, भाडं वाढलं. दोघं एकाच दिशेने चालले. पण त्याच वेळी विरारपर्यंतचं उरलेलं अंतर कमी कमी होत जातं. एक वाढतं तेव्हा दुसरं घटतं. दोघं उलट दिशेने चालले.

अशा सोबत चालण्याला गणितात सहसंबंध म्हणतात. दोन्ही एकाच दिशेने चालले तर तो धन सहसंबंध. एक वर आणि दुसरं खाली गेलं तर तो ऋण सहसंबंध. आता ऋण म्हटलं की आपल्याला लगेच बँकेचं कर्ज आठवतं! इथे ऋण म्हणजे कर्ज नव्हे. अधिक-उणे म्हणतो ना आपण, त्यातलं ते उणे. आणि धन म्हणजे चांगलं, ऋण म्हणजे वाईट, असंही नाही. गोवराची लस घेतलेली मुलं वाढली की गोवर कमी होतो. हा ऋण सहसंबंध, पण किती चांगला! घरात दारू वाढली की भांडणं वाढतात. हा धन सहसंबंध, पण त्यात चांगलं काय आहे?

आता आपल्या गटाच्या वहीकडे या. समजा, एका ताईने गटातून १२,००० रुपये कर्ज घेतलं. व्याज महिन्याला शेकडा एक रुपया, आणि तेही राहिलेल्या रकमेवरच. ती दर महिन्याला मुद्दलाचे १,००० रुपये फेडते. पहिल्या महिन्याचं व्याज १२० रुपये. हप्ता भरला, बाकी ११,००० राहिली, म्हणून दुसऱ्या महिन्याचं व्याज ११०. मग १००, मग ९०. सहा हप्ते भरून झाले की बाकी ६,००० आणि त्यावरचं व्याज ६०. वर्षभराचं सगळं व्याज मिळून होतं ७८० रुपये.

या हिशेबात दोन्ही नाती आहेत. भरलेले हप्ते वाढतात तशी बाकी कमी होते, तो ऋण सहसंबंध. आणि बाकी कमी होते तसं व्याज कमी होतं, तो? पुष्कळ जणी पटकन म्हणतील, दोन्ही कमी होतंय म्हणजे ऋण. नाही. दोघं एकाच दिशेने चाललेत ना? मग तो धन सहसंबंध. वर चढताना सोबत असोत की खाली उतरताना, जोडी एकाच वाटेने चालली की ते नातं धन. एवढं एक लक्षात राहिलं तरी अर्धा विषय झाला.

कर्जाचा हिशेब काटेकोर असतो, तिथे एका रुपयाचाही फरक पडत नाही. जगण्यातली बाकीची नाती एवढी चोख नसतात. पावसाळ्यात जून-जुलैला मासेमारी बंद असते. बाजारात ताजी मच्छी कमी येते आणि भाव चढतो. सातपाटीच्या किंवा मुरब्याच्या ताईंना हे सांगायला नको. विक्रमगड-जव्हारकडचा मोगरा दादरच्या फुलबाजारात जातो. कळ्या भरपूर आल्या की भाव पडतो, कमी आल्या की चढतो. पण ऐन लग्नसराईत कळ्या भरपूर येऊनही भाव टिकलेला असू शकतो, कारण गिऱ्हाईकही वाढलेलं असतं. म्हणजे माल वाढला की भाव उतरतो हे नातं खरं, पण थोडं सैल.

नातं घट्ट आहे की सैल, हे बघायला एक सोपी युक्ती आहे. ती आपल्या अंगणातच आहे: ठिपक्यांची रांगोळी. समजा, एक गट पापड करून वाळवतो. जमिनीवर एक आडवी रेघ ओढा, तिच्यावर आठवड्यातले पावसाचे दिवस लिहा. डाव्या टोकाला एक उभी रेघ ओढा, तिच्यावर वाळलेल्या पापडांचे किलो लिहा. ज्या आठवड्यात पाऊस पडलाच नाही, तेव्हा २० किलो पापड वाळले. एक दिवस पाऊस, तेव्हा १९ किलो. दोन दिवस, १५ किलो. चार दिवस, १० किलो. सहा दिवस, ६ किलो. दर आठवड्याचा एक ठिपका. पाच ठिपके दिले की दिसेल, डावीकडून उजवीकडे ते उतरत गेलेत. हा ऋण सहसंबंध. चढत गेले असते तर धन. आणि अंगणात तांदूळ सांडल्यासारखे ठिपके सगळीकडे विखुरले असते, तर दोघांचं काही नातं नाही. जसं घराचा नंबर आणि त्या घरातल्या बाईची बचत.

एखादा ठिपका रांग सोडूनही जातो. दोनच दिवस पाऊस होता, पण पापड झाले फक्त ५ किलो. का? त्या आठवड्यात गावात लग्न होतं, निम्म्या जणी कामाला आल्याच नाहीत. असा ठिपका पुसून टाकू नका, त्याची विचारपूस करा. बऱ्याचदा कामाची गोष्ट त्यालाच ठाऊक असते.

ठिपके किती नीट रांगेत आहेत, हे एका आकड्यात सांगायची रीत कार्ल पिअर्सन या इंग्रज गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केली. हा आकडा अधिक १ आणि उणे १ यांच्या मध्ये कुठेतरी असतो. आपल्या कर्जाची बाकी आणि व्याज यांचा आकडा अधिक १, कारण तिथे सगळे ठिपके एका सरळ रेषेत चढतात. भरलेले हप्ते आणि बाकी यांचा उणे १. नातंच नसेल तर शून्याच्या आसपास. पापडाचा आकडा उणे १ च्या जवळ येईल, मोगऱ्याचा त्याहून शून्याकडे सरकलेला.

काही नाती अर्ध्या वाटेवर दिशाही बदलतात. पाऊस आणि भात घ्या. पाऊस चांगला झाला तर आवणी वेळेवर होते, भात चांगलं येतं. म्हणून पाऊस जितका जास्त तितकं भात जास्त, असं म्हणायचं का? ऑक्टोबरमध्ये तयार पीक उभं असताना पाऊस कोसळला की तेच भात आडवं होतं. म्हणून कोणतंही नातं सांगताना “कुठपर्यंत” आणि “कधी” हे दोन शब्द जोडायला विसरायचं नाही.

इथवर सोपं होतं. आता गफलत कुठे होते ते बघू.

मे महिन्याच्या शेवटी आपल्याकडे आगोटीची खरेदी सुरू होते. सुके बोंबील, सुकट, जवळा घेऊन डबे भरून ठेवायचे. त्याच दिवसांत दुकानात छत्र्या आणि प्लास्टिकचे कागद जोरात खपतात. कुणी नुसते विक्रीचे आकडे बघितले, तर सुकट जास्त खपते तेव्हा छत्र्याही जास्त खपतात, हा पक्का धन सहसंबंध दिसेल. मग सुकट खाल्ली म्हणून छत्री लागते का? तुम्ही हसाल. दोघींच्या मागे तिसराच आहे, येणारा पाऊस. सोबत चालणाऱ्या दोन गोष्टींत एक दुसरीचं कारण असेलच असं नाही. दोघींना चालवणारा तिसरा कुणीतरी असू शकतो.

सुकट आणि छत्रीचं आपल्याला लगेच कळतं. पण गटाच्या बैठकीत हीच गोष्ट आली की कळत नाही. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज व्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब ही पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. वही बघितली की पुष्कळ गटांत एक गोष्ट दिसते. जी ताई बैठकीला येत नाही, तिचे हप्तेही थकतात. गैरहजेरी वाढली की थकबाकी वाढली. मग कुणीतरी म्हणतं, हिला शिस्तच नाही, गैरहजेरीचा दंड वाढवा, आपोआप हप्ते येतील.

थांबा. ती कुठल्या महिन्यांत गैरहजर होती, ते बघा. दिवाळीनंतर आपल्या भागातली कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर, बांधकामावर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. भट्टीवर गेलेली बाई बैठकीला येणार कशी? आणि भट्टीवर जाण्याआधी घेतलेली उचल मजुरीतून कापली जात असते, तेव्हा हातात रोख येणार किती? गैरहजेरी आणि थकबाकी या दोघींच्या मागे तिसरी गोष्ट आहे, स्थलांतर. अशा वेळी दंड लावून हप्ता येत नाही, फक्त तिचं देणं वाढतं. कधी ती गटच सोडते. त्यापेक्षा जायच्या आधी तिच्याशी बोलून भट्टीच्या महिन्यांत हप्ता लहान आणि परत आल्यावर मोठा ठरवला, तर तिच्या अडचणीला धरून काहीतरी होईल. वहीतले आकडे तेच, पण कारण चुकीचं धरलं तर निर्णय चुकतो आणि एक बाई गटातून जाते.

दुसरी गफलत म्हणजे कारण आणि परिणाम यांची उलटापालट. बाळ जन्मलं की आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येऊन त्याला बघतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळ कमी वजनाचं असलं तर त्या जास्त वेळा येतात. आता कुणी म्हणालं, आशाताई ज्या घरी जास्त वेळा जाते त्याच घरची बाळं नाजूक असतात, तिला येऊ देऊ नका, तर? आकडे तसेच दिसतील, पण नातं उलटं आहे. बाळ नाजूक म्हणून ती जास्त येते.

मग खरं कारण शोधायचं कसं? यासाठी आपल्या महाराष्ट्रातलंच एक उदाहरण आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. हे काम ३९ गावांत केलं. आणि त्याच भागातल्या आणखी ४७ गावांत, जिथे हे काम नव्हतं, तिथल्या जन्म-मृत्यूच्या नोंदीही तशाच ठेवल्या. सुरुवातीला, १९९३ ते १९९५ या काळात, काम होणार होतं त्या गावांत हजार बाळांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यात दगावत होती, बाकीच्या गावांत ५८. म्हणजे दोन्हीकडे जवळपास सारखंच. काम सुरू होऊन तिसऱ्या वर्षी पहिल्या गावांत हा आकडा २५ च्या आसपास आला. दुसऱ्या गावांत तो ६० च्या घरातच राहिला. हा अभ्यास १९९९ साली छापून आला, आणि पुढे २०११ पासून आशाताईंच्या घरभेटी देशभर सुरू झाल्या, त्यामागे हे काम होतं.

त्या ४७ गावांची नोंद का ठेवली असेल? नुसतं आमच्या गावात मृत्यू कमी झाले एवढंच सांगितलं असतं, तर कुणीही म्हणालं असतं की त्या वर्षी पाऊसपाणी चांगलं होतं, किंवा रस्ता झाला. पण पाऊसपाणी दोन्हीकडे सारखंच होतं. फरक होता तो आरोग्यदूतांचा. म्हणून ज्यांच्याकडे ती गोष्ट घडली त्यांच्याइतकंच, ज्यांच्याकडे घडली नाही त्यांच्याकडेही बघावं लागतं.

आता मी ज्यासाठी हा विषय घेतला, तिथे येते.

आपल्या भाषेत एक शब्द आहे, पांढऱ्या पायाची. नवी सून घरात आली आणि महिन्याभरात बैल मेला, किंवा सासऱ्याचं काम गेलं, की लगेच कुजबुज सुरू होते. सून आली आणि नुकसान झालं, दोन गोष्टी सोबत घडल्या एवढंच. पण तेवढ्यावर एका मुलीला जन्मभराचा शिक्का बसतो. आपल्याच भाषेत याचं उत्तरही आहे: कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. फांदी मुळात किडलेली होती. कावळा नसता बसला तरी मोडलीच असती.

कुणी असं बोलायला लागलं, तर जमिनीवर चार घरं आखा. पहिल्या घरात, सून आली आणि नुकसान झालं. दुसऱ्या घरात, सून आली आणि काही नुकसान झालं नाही. तिसऱ्या घरात, सून आली नाही तरी नुकसान झालं. चौथ्या घरात, सूनही आली नाही आणि नुकसानही नाही. आता गेल्या पाच-दहा वर्षांतली गावातली घरं आठवा आणि एकेका घरासाठी एकेक खडा ठेवत जा. किती सुना आल्या आणि सगळं सुरळीत चाललं? किती बैल लग्नकार्य नसताना मेले? चारही घरांत खडे पडतील. आपल्या तोंडी मात्र पहिल्या घराचीच गोष्ट राहते, कारण उरलेल्या तीन घरांत सांगण्यासारखं काही घडत नाही.

हीच गफलत पुढे जाते तेव्हा जिवावर बेतते. पावसाळ्यात पाड्यावर दोन-तीन मुलं तापाने फणफणतात. अशा वेळी बोट वळतं ते एकट्या राहणाऱ्या, म्हाताऱ्या किंवा विधवा बाईकडे. हिची नजर लागली, हिने करणी केली, ही भुताळी आहे. त्या दिवसांत ती बाई मुलांच्या घरासमोरून गेली असेलही. पण ती तर रोजच जाते, उन्हाळ्यातही जाते, मुलं धडधाकट असतात तेव्हाही जाते. चार घरं आखली की हे लगेच दिसतं. आणि तिसरं कुणी शोधायचं तर विहिरीचं पाणी बघा, साचलेल्या डबक्यातले डास बघा, आणि मुलांना आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला आहे. एखादी व्यक्ती करणी करते, ती अपशकुनी आहे, तिच्यामुळे रोगराई पसरते, असं पसरवून तिचं जगणं कठीण करणं हा या कायद्याने गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते. पण पोलीस येण्याच्या आधी तिथे आपण बाया असतो. कुजबुज सुरू होते तेव्हा पहिला प्रश्न आपणच विचारू शकतो.

तो प्रश्न कसा विचारायचा, ते थोडक्यात सांगते. कुणी म्हणालं, हे झालं म्हणून ते झालं, की चार गोष्टी विचारा. एक, असं किती वेळा झालं, एकदाच की पुन्हा पुन्हा? दोन, हे नसताना ते कधी झालं नाही का? तीन, नातं उलटं तर नाही ना? चार, दोघांच्या मागे तिसरं कुणी आहे का? चारही उत्तरं मिळाली तर त्या नात्यावर थोडा भरवसा ठेवा. नाही मिळाली तर वहीत लिहून ठेवा आणि आणखी काही दिवस बघा.

पुढच्या बैठकीत एक काम करून बघा. गटाच्या वहीतून गेल्या सहा महिन्यांचे कुठलेही दोन आकडे घ्या. बैठकीची हजेरी आणि जमा हप्ते घ्या, किंवा बाजाराचे दिवस आणि मालाची विक्री. अंगणात दोन रेघा ओढा आणि ठिपके द्या. ज्या ताईंना लिहिता-वाचता येत नाही, त्यांनाही ठिपके चढतात की उतरतात ते दिसेल. मग रांगेबाहेरचा ठिपका कुणाचा आहे ते बघा आणि आधी तिला बोलू द्या. दंडाचं त्यानंतर ठरवा.